पाचव्या गोलाचा रकाना

जयपूर,
मेचा दुसरा आठवडा, दुपारचे साडेतीन
(कूलरसमोर, कूलरमध्ये पाणी भरायची पाळी माझी होती)

राजमान्य राजेश्री दिनकरराव यांस,

नागनाथचा साष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे हल्ली प्रत्यक्ष घालता येत नाही, तेव्हा कागदावर पूर्ण लांबीचा घातला आहे, तो वडीलकीच्या नात्याने स्वीकारावा. (तुम्ही माझ्यापेक्षा अकरा महिन्यांनी लहान आहात हे मी विसरलेलो नाही, पण बायकोचा थोरला भाऊ हा जन्मदाखल्याच्या पलीकडचा असतो.) तुमच्या मानेचा पट्टा निघाला का? वहिनींची साखर कुठवर आली? इकडे आम्ही सगळे ठीक. रणजितची पलटणीतली धावपळ नेहमीसारखीच, सूनबाई अमिता नव्या शाळेत रमली. तुमच्या भगिनी पार्वतीबाई तर ठणठणीत आहेत. परवा भाजीवाल्याशी त्यांनी हिंदीत भांडण सुरू केलं आणि कोल्हापुरीत संपवलं. भाजीवाल्याला शेवटचा भाग जास्त चांगला समजला असं दिसलं.

पत्रास कारण की, पाडव्याला आलेल्या तुमच्या पत्रात तुम्ही मला टोमणा मारला होता. 'त्या वाळूत कसला फुटबॉल? गोलकीपर उंट असतो का? सबंध मोसमात बघण्यासारखा एक गोल झाला असेल तर कळवा.' दिनकरराव, तीस वर्षं तुम्ही कोल्हापूरच्या स्टेडियमवर शिट्टी फुंकलीत म्हणून जगातला सगळा फुटबॉल पेठांच्या हद्दीतच खेळला जातो असं नाही. एक नाही, माझ्या आवडीचे पाच गोल कळवतो. (फोनवरही सांगितले असते, पण तुम्ही फोन लाउडस्पीकरवर ठेवता, आणि तुमच्या माजघरात झालेली चर्चा बारा मिनिटांत इथे पार्वतीच्या कानावर येते.)

आधी आमचा संघ सांगतो. नाव खातीपुरा करवीर. पलटणीतले चार जण, संगणकवाल्या कंपन्यांतले सहा, आणि रेल्वेतला एक. रविवारी दुपारी स्टेशनच्या पलीकडच्या मैदानात सामने होतात. सहा संघांची लीग आहे, कॅमेरा वगैरे काही नाही, आणि शिट्टी त्या दिवशी जो सज्जन मोकळा असेल त्याच्याकडे. त्यामुळे इथे एक चांगली पद्धत पडली आहे. गोल झाला की तो वहीत उतरवायचा, आणि त्या नोंदीखाली ज्यांच्यावर गोल झाला त्यांच्या कप्तानाने सही करायची. सही झाली की गोल पक्का. पुढे कुणी कितीही आरडाओरडा केला तरी वहीवर बोट ठेवायचं. ही वही सहाही संघांनी एकमताने माझ्याकडे दिली आहे. कारणं दोन: अक्षर वळणदार, आणि दुपारी मला दुसरा उद्योग नाही.

आता चौतीस वर्षं ज्याने मुलांकडून वर्गात वृत्तं घोकून घेतली, त्याच्या हातात 'गोलाचे वर्णन' असा रकाना असलेली वही दिली तर तो काय करील? लीगचा सेक्रेटरी स्वप्नील, आपल्या नगरकडचा मुलगा, पहिल्याच आठवड्यात वही चाळून म्हणाला, "आजोबा, फक्त मिनिट आणि नाव लिहा ना." मी म्हटलं, बाळ, मिनिट आणि नाव तर हजेरीपटातही असतं. त्याने वही परत दिली. तेव्हापासून आमच्या लीगमध्ये गोल पद्यात नोंदवले जातात. बिगरमराठी कप्तान देवनागरी वाचतात, अर्थ मला विचारतात आणि सही करतात.

आणि एक गोष्ट लपवत नाही, आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला लागेल (माझा लागलेलाच आहे). मोसमाचा शेवटचा सामना आमचा आणि सांगानेरचा झाला. आमचे तीन, त्यांचे दोन. आमचा तिसरा गोल धरला तर चषक आमचा. नाही धरला तर बरोबरी, आणि गुणांत पुढे आहेत म्हणून चषक सांगानेरचा. तो तिसरा गोल आंधीत (इथलं धुळीचं वादळ) झाला, म्हणजे होताना कुणालाच दिसला नाही. वाद कमिटीपुढे गेला. तिथे सांगानेरचे कप्तान दर्शनजी उभे राहिले आणि म्हणाले, "मास्साब जो लिख देंगे, मैं दस्तख़त कर दूँगा. पढ़ूँगा भी नहीं." झालं, वाद मिटला आणि माझ्या मानगुटीवर बसला. महिनाअखेरच्या रविवारी वही द्यायची आहे आणि त्या गोलाचा रकाना अजून कोरा आहे. तोवर चषक स्वप्नीलच्या घरी फ्रिजवर ठेवला आहे. त्यात सध्या लिंबं आहेत.

आता गोल.

पहिला निलयचा, नोव्हेंबरातला, सोडाल्याच्या संघावर. निलय जन्माने जयपूरचा, आईवडील नागपूरकडचे. त्याची मराठी उतारावर सोडलेल्या सायकलसारखी असते. निघते बरोबर, पण मध्येच कुठे हिंदीत घुसेल ते तिलाही माहीत नसतं. मुलगा उजव्या बाजूने खेळतो, काटकुळा आणि लाजाळू. त्या दिवशी मधल्या रेषेजवळ त्याला चेंडू मिळाला आणि तो जो सुटला, दिनकरराव, पाच जणांना ओलांडून थेट चेंडूसकट जाळ्यात! पाचांपैकी एकानेही पाय पुढे केला नाही. पुतळेच झाले. मला तत्काळ भुजंगप्रयात सुचला:

पळाला पळाला गडी डाव घेता,
उभे राहिले पाच जागीच तेथे!

(मात्रा, गण, काहीही तपासा. तुम्ही तपासणार नाही. शाळेत तुम्ही वृत्तांच्या तासाला मैदानातच असायचात.) मी डोळे मिटून दुसरं कडवं जुळवत असताना पार्वतीने माझा दंड धरला आणि म्हणाली, "अहो, खुर्ची उचला. सांड येतोय." इथे वळूला सांड म्हणतात आणि रस्त्यावर पहिला हक्क त्याचा असतो. तो निलयच्या मागे लागला होता. पाच जण उभे राहिले ते निलयच्या कौशल्याने नव्हे, मागचं दृश्य बघून. नंतर मी निलयला त्याचं काव्य वाचून दाखवलं, तर पोरगा कानापर्यंत लाल झाला. "आजोबा, मतलब, मला गोल दिसलाच नाही. मला फक्त तो मागे ऐकू येत होता." मी विचारलं, मग चेंडू इतका वेळ पायात राहिला कसा? तर म्हणतो, "तो पण घाबरला असेल ना." इतकं खरं बोलणारा फॉरवर्ड तुमच्या कारकिर्दीत तुम्हाला भेटला का? कविता मी बदलली नाही. त्यात खोटं एक अक्षर नाही, फक्त सांड नाही.

दुसरा गोल संक्रांतीचा. संक्रांतीच्या दिवशी जयपुरात सामना ठेवू नये हे मी स्वप्नीलला सांगितलं होतं. त्या दिवशी इथली माणसं जमिनीवर नसतातच. सगळं गाव गच्च्यांवर, आणि आकाशात इतके पतंग की घारींनाही वाट काढावी लागते. समोर झोटवाड्याचा संघ होता. त्यांचा गोलकीपर थोराड, मिशाळ, आणि (हे आम्हाला नंतर समजलं) मोहल्ल्यातला नामी पतंगबाज. आमचा कप्तान प्रसन्न फ्री किक मारायला उभा राहिला. हा पुण्याचा आहे, त्यात त्याचा दोष नाही. त्याने केस मागे सारले, चार पावलं मोजली, वाऱ्याचा अंदाज घेतला आणि चेंडू गोलच्या डाव्या कोपऱ्याकडे मारला. त्याच क्षणी कुठल्याशा गच्चीवरून "वो काटा!" झालं आणि एक जांभळा पतंग डुलत डुलत गोलच्या उजव्या कोपऱ्याकडे उतरू लागला.

त्या माणसाच्या आयुष्यात तो अर्धा सेकंद किती मोठा असेल, विचार करा. एकीकडे कर्तव्य, दुसरीकडे मांजासकट पतंग. त्याने झेप घेतली. काय ती झेप! दोन्ही हात लांब, पाय जमिनीपासून हातभर वर. पतंग त्याने अलगद झेलला, कुठे फाटला नाही. चेंडू दुसऱ्या कोपऱ्यातून आत गेला तिकडे त्याने बघितलंही नाही. त्यांचा कप्तान तोंडाला येईल ते बोलत होता आणि हा मांजा बोटाला गुंडाळत शांतपणे सांगत होता, "भैया, गोल तो हर इतवार को होते हैं." वर्णनाच्या रकान्यात मी त्या झेपेवर आठ ओळी लिहिल्या आणि गोलावर एक. प्रसन्न दोन रविवार माझ्याशी बोलला नाही.

तिसरा गोल माझा फार लाडका आहे, कारण तो मी पाहिला नाही. तो फेब्रुवारीत सांगानेरवर झाला. दर्शनजींचा घोटा मुरगळला होता म्हणून ते माझ्याशेजारी बसले होते. हा माणूस पन्नाशीचा, कापडावर लाकडी ठशांनी छपाई करणारा, पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. नखांच्या कडा कायमच्या निळ्या. त्याने मला विचारलं, की मास्साब, तुम्ही कधी भरभर म्हणता, कधी रेंगाळत म्हणता, हे कोण ठरवतं? दिनकरराव, असा प्रश्न मला चौतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही. मी मंदाक्रांता समजावून सांगू लागलो. कुठे थांबायचं, कुठे हुंदका गिळायचा, कुठे ओळ सोडून द्यायची. ते माझ्या गुडघ्यावर बोटांनी ठेका धरत होते, की ठशाचंही असंच आहे, एक दाबायचा, दोन हलके. आणि एकदम मैदानात जल्लोष. आम्ही दोघांनी वर बघितलं. मी त्यांना विचारलं, काय झालं? त्यांनी मला विचारलं, किसने मारा? आमची पोरं एकमेकांच्या अंगावर पडलेली, त्यात मारणारा कोण ते ओळखू येईना. मी लिहिलं, 'अतिशय सुंदर गोल'. दर्शनजींनी मान डोलावली, "सुंदर तो होगा ही," आणि सही केली. मग आम्ही मंदाक्रांतेकडे परत गेलो.

चौथा गोल आमच्यावर झालेला आहे. तुमच्या भगिनीला हे अजून पटलेलं नाही. शेवटच्या सामन्यात आम्ही दोन-एकने पुढे होतो. चेंडू दर्शनजींकडे आला, गोलपासून दहा पावलांवर. आमचा गोलकीपर अभिनव, पलटणीतला हवालदार, अंगाने दरवाजा. तो हात पसरून पुढे धावला. दुसरा कुणी असता तर डोळे मिटून ठोकून मोकळा झाला असता. दर्शनजींनी चेंडू पायाखाली घेतला, जागेवर किंचित फिरवला, जसा ठसा मागच्या नक्षीच्या कोपऱ्याशी जुळवून बघतात तसा, आणि मग अगदी हलकं टेकवल्यासारखं ढकलून दिला. चेंडू अभिनवच्या दोन पायांमधून निवांत गेला. मी टाळ्या वाजवल्या. "आपल्यावर झालाय तो!" पार्वती ओरडली. मी म्हटलं, असू दे, नक्षी चांगली उमटली. आणि वहीत ओवी लिहिली:

कोपरा जुळवी, नेम धरी ।
हलका हात ठेवी वरी ।
फूल उमटे जाळ्यावरी ।
निळे जैसे ॥

हिच्यावरून केवढं रामायण झालं! सही करायला प्रसन्न आला, त्याने ओवी वाचली आणि तिथेच उडी मारली. "हात! आजोबांनीच लिहिलंय हात ठेवला म्हणून! गोल रद्द!" रेफरी धावत आले. मी समजावलं की हा हात छपाईवाल्याचा आहे, खेळणाऱ्याचा नाही. उपमा म्हणून काही वस्तू असते. प्रसन्न म्हणे, नियमात उपमा नाही. शेवटी मला ओवीखाली बारीक अक्षरात लिहावं लागलं, 'वरील हात अलंकारिक आहे. प्रत्यक्षात पाय.' काव्याची अशी विटंबना मी शाळातपासणीच्या वेळीही पाहिली नव्हती. पण एक ध्यानात आलं. या वहीत मी जे लिहितो ते ही माणसं खरं धरतात.

आणि मग पाचवा. दोन-दोन बरोबरी झालेली, दहाएक मिनिटं उरलेली. आधी मोर ओरडू लागले. मग पश्चिमेचं आकाश आधी हळदीसारखं, मग काव्यात सांगता येणार नाही अशा रंगाचं झालं, आणि आंधी आली. त्या दिवशी शिट्टी एका होमिओपॅथ डॉक्टरांकडे होती. ते निर्णयही अगदी लहान मात्रेत देतात. सामना थांबवावा की चालू ठेवावा हे त्यांचं ठरेपर्यंत मैदान दिसेनासं झालं होतं. अभिनव दिसेना, गोल दिसेना, शेजारी बसलेली पार्वती दिसेना, फक्त तिचं बोलणं ऐकू येत होतं. सांगानेरच्या गोलकीपरने जर्सी डोक्यावरून ओढून घेतली होती. त्या पिवळ्या अंधारात कुठेतरी प्रसन्नने चेंडूला लाथ घातल्याचा आवाज झाला. माझ्या वहीचा दोरा सुटला, पानं उडाली, मी एका पानामागे गेलो (कर्तव्य). धूळ खाली बसली तेव्हा चेंडू जाळ्यात होता. डॉक्टरांनी बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि गोल दिल्याची खूण म्हणून मैदानाच्या मध्याकडे बोट दाखवलं.

या गोलाला मी शार्दूलविक्रीडित योजलं. इतकी धूळ लहान वृत्तात मावत नाही. पहिला चरण लगेच झाला:

आली धूळ नभी उडे, गडबडे रेफ्री, शिटी ना सुचे...

पुढचे तीन चरण अडले आहेत. यमक जुळत नाही. म्हणून रकाना कोरा. दुसरं काही कारण नाही.

असे हे पाच गोल. आता सांगा, तुमच्या पेठांत असा एक तरी झाला का? वहिनींना नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे. या वयात वाढवायला गेलो तर दोघांनाही झेपणार नाही. आहे तो टिकवावा.

तुमचा,
नागनाथ

ता. क. – तुमची जुनी शिट्टी, आणि नाव-हुद्दा छापलेले ते कोरे कागद अजून आहेत का? सहज विचारलं.

ता. क. दुसरा – यमकाचं वर लिहिलं ते खोटं आहे. यमक मला झोपेत जुळतं. चरण अडले कारण पुढच्या तीन चरणांत चेंडू आत कसा गेला ते सांगावं लागतं.

मी ज्या पानामागे गेलो ते दर्शनजींच्या ओवीचं पान होतं. ते जाऊन गोलच्या खांबाशी अडकलं. मी खांबाच्या बाहेरच्या अंगाला, हातभर अंतरावर, पान उचलायला वाकलो. पाठ मैदानाकडे. त्याच वेळी प्रसन्नने मारलेला चेंडू आला आणि मला लागला. कुठे, ते विचारू नका. वाकलेल्या माणसाचा जो भाग मैदानाकडे असतो तिथे. लागला, वळला आणि खांबाच्या आतल्या बाजूने जाळ्यात गेला. म्हणजे मी तिथे नसतो तर चेंडू थेट रेल्वेच्या कुंपणात जाणार होता. पान हाती घेऊन मी जागेवर येऊन बसलो, तोवर धूळ बसली होती. कुणी पाहिलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी पार्वतीने सगळे कपडे धुतले आणि माझा एक लेंगा मात्र न धुता, मागची बाजू पुढे करून, दोरीवर वाळत घातला. त्यावर चेंडूएवढा गोल डाग आहे. गेले आठ दिवस तो लेंगा तिथेच आहे.

ता. क. तिसरा – नियम मला माहीत आहे. बाहेरच्या माणसाला लागून गेला तर गोल नाही. दर्शनजींची सही मी खोट्याखाली घेणार नाही, हेही ठरलेलं आहे. ज्याने माझ्या गुडघ्यावर मंदाक्रांतेचा ठेका धरला त्याला मी फसवू शकत नाही. वहीत घडलं ते सगळं लिहीन. पण निकाल माझ्या तोंडून नको. ही पोरं मला दर रविवारी स्कूटरवरून घेऊन जातात, पार्वतीसाठी खुर्ची आणतात. तेव्हा 'गोल रद्द' हे तुम्ही तुमच्या कागदावर, निवृत्त पंच या नात्याने, सहीशिक्क्यासह लिहून पाठवा. म्हणजे ते तुम्हाला शिव्या देतील. तुम्ही तीस वर्षं भरल्या स्टेडियमच्या खाल्ल्या आहेत. या तर जेमतेम अकरा जणांच्या, त्याही पुणेरी आणि नागपुरी, आणि तुमच्यापर्यंत पोचणारही नाहीत.

ता. क. चौथा, आणि हे पत्र त्याच्याचसाठी लिहिलं – परवा प्रसन्नने स्वप्नीलच्या घरी टेबलावर मिठाची बाटली आणि दोन वाट्या मांडून सगळ्यांना तो गोल करून दाखवला. मिठाची बाटली म्हणजे तो. "वारा असा होता, म्हणून मी मुद्दाम बाहेर मारला आणि आत वळवला." लोक वाहवा करत होते. त्याने हे पुण्याला आईलाही कळवलं आहे. मी शेजारी उभा राहून मान डोलावत होतो. दिनकरराव, चषक जातोय याचं मला एवढं वाटलं नाही. चौऱ्याहत्तर वर्षांत तालमीच्या फुटबॉल संघातल्या पोरांनी मला एकदाही मैदानात घेतलं नाही. तुम्हीच दोनदा रेषेबाहेर काढलंत. सबंध आयुष्यात माझा हा एक गोल, आणि तो मिठाच्या बाटलीच्या नावावर!

तेव्हा निकाल लिहिताना 'बाहेरील व्यक्ती' असं मोघम लिहू नका. 'प्रसन्न यांनी मारलेला' असंही नको. असं लिहा: 'एक्क्याऐंशीव्या मिनिटाला श्री. नागनाथ बळवंत हुपरीकर यांनी केलेला गोल नियमानुसार रद्द करण्यात येत आहे.' वडिलांचं नाव विसरू नका. हा कागद मी वहीच्या त्या पानावर डिंकाने चिकटवीन आणि खाली दर्शनजींची सही घेईन. रद्द तर रद्द. पण शरीराचा कोणता भाग, हे नियमाला लागत नसेल, तर तेवढं लिहू नका.